ज्योतीची दौड

फेब्रुवारी महिन्यातील पहाट असते. ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गायमुखाची वळणे लागतात. एका बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर काळेभोर उभे असतात. दुसऱ्या बाजूस वसईची खाडी पसरलेली असते आणि तिच्यावरून गार वारा येत असतो. या रस्त्यास रात्र ठाऊकच नाही. मालाने लादलेले ट्रक एकामागून एक धडधडत जात असतात. अशा वेळी वळणावर एक लहानसा तांबूस उजेड दिसू लागतो. तो मोटारीच्या दिव्यासारखा स्थिर नसतो. तो हलतो, मागे झुकतो, क्षणभर बारीक होतो आणि पुन्हा उसळतो. जवळ आल्यावर कळते, की ती मशाल आहे आणि ती उंच धरून एक तरुण धावत आहे. त्याच्या मागेपुढे आणखी दोघेचौघे धावत आहेत, आणि सर्वांच्या पाठीशी एक टेंपो दिवे मिचकावीत सावकाश येत आहे.

ही शिवज्योत होय.

छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी जुन्नरजवळील शिवनेरी किल्ल्यावर झाला. शासनाच्या वतीने जयंतीचा उत्सव याच तारखेस होतो. कित्येक ठिकाणी तो फाल्गुन वद्य तृतीयेस, तिथीप्रमाणे करतात. दिवस कोणताही असो, त्याच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातील गावोगावचे तरुण एखाद्या किल्ल्यावर जातात, तेथे मशाल पेटवितात, आणि ती हातोहाती, धावत, आपल्या गावी आणतात. कोणी रायगडावरून निघतात, कोणी पन्हाळ्यावरून, कोणी सिंहगडावरून. नवरात्रात तुळजापुराहून भवानीची ज्योत घेऊन निघालेली पथकेही अशीच रस्त्याने धावताना दिसतात. या दौडीत बक्षीस नसते आणि प्रतिस्पर्धीही नसतो. तथापि तिच्यात हरण्याची भीती मात्र असते. कारण ज्योत वाटेत विझू शकते.

समजा, भाईंदरचे असे एक पथक शिवनेरीवरून निघाले आहे. किल्ल्यापासून भाईंदरपर्यंतची वाट जवळजवळ १६० किलोमीटरांची. पथकात ४० जण आहेत, आणि प्रत्येकाने एका वेळी अर्धा किलोमीटर धावावयाचे असे ठरले आहे. म्हणजे ३२० वेळा मशाल एका हातातून दुसऱ्या हातात जाणार, आणि प्रत्येकाच्या वाट्यास आठ पाळ्या येणार. आठ पाळ्यांचे मिळून होतात अवघे चार किलोमीटर. कागदावर हा हिशेब फार सोपा वाटतो. शाळेच्या मैदानावर चार किलोमीटर सहज धावणारी मुले पुष्कळ आहेत. परंतु येथे ते चार किलोमीटर अठरा-वीस तासांत विखुरलेले असतात. अर्धा किलोमीटर धावून अंग घामाने भिजते, मग टेंपोत बसून ते गार पडते, डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी खांदा हलवून म्हणते, “ऊठ, तुझी पाळी आली.” ही दौड पायांपेक्षा झोपेशीच अधिक असते.

मशालीची रचना साधी असते. लाकडी दांड्याच्या टोकास धातूचा पेला बसविलेला असतो, आणि त्यात सुती चिंध्यांचा बोळा तारेने घट्ट आवळलेला असतो. चिंध्या तेल पितात. जळते ते मुख्यतः तेल. तेल आटले, की चिंध्याच जळू लागतात, काळा धूर निघतो आणि ज्योत बसते. म्हणून एक जण तेलाचा डबा घेऊन सदैव जवळ असतो. तेल कमी घातले तर ज्योत मरते. जास्त घातले तर ते पेल्यावरून ओघळून धावणाऱ्याच्या मनगटावर येते. शिवाय धावणारा जितका वेगाने धावेल तितका वारा समोरून लागतो आणि ज्योत मागे, त्याच्या तोंडाकडे झुकते. म्हणून हात उंच आणि किंचित पुढे धरावा लागतो. अर्धा किलोमीटर हात असा धरून पाहावा. पायांच्या आधी खांदा दुखू लागतो. फार वेगाने धावणारा गडी या कामास उपयोगाचा नसतो, हे पथकातील जाणती माणसे पहिल्याच तासात नवख्यांना सांगतात.

हीच गोष्ट प्राचीन ग्रीक लोकांस चांगली ठाऊक होती. अथेन्स नगरात मशालींची शर्यत होत असे. नगराबाहेर अकादमी नावाच्या उपवनात प्रॉमीथियसची वेदी होती. याच प्रॉमीथियसने देवांकडून अग्नी चोरून माणसांस दिला, अशी त्यांची कथा आहे. त्या वेदीपाशी मशाली पेटवून स्पर्धक नगराकडे धावत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाच्या प्रवाशाने या शर्यतीचा नियम लिहून ठेवला आहे. जो पहिला पोहोचेल त्याची मशाल विझलेली असेल, तर विजय त्याचा नव्हे, दुसऱ्याचा. त्याचीही विझली असेल, तर तिसऱ्याचा. आणि सर्वांच्याच मशाली विझल्या, तर कोणीच जिंकले नाही. काही शर्यतींत मशाल एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावयाची असे. आधुनिक ऑलिंपिक खेळांत ऑलिंपियाहून ज्योत धावत नेण्याची प्रथा १९३६ च्या बर्लिन येथील खेळांपासून सुरू झाली. त्या वेळी तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ती नेली. जर्मनीच्या तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी त्या समारंभाचा उपयोग आपला बडेजाव मिरविण्यासाठी करून घेतला, ही गोष्ट निराळी.

इकडे पथक माळशेज घाटाशी आलेले असते. दुपारी किल्ल्यावरून निघालेली ज्योत घाटमाथ्यावर पोहोचते तेव्हा ऊन उतरू लागलेले असते. उतार लागला म्हणून नवखे खूश होतात. पण उतारावर प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार आवरावा लागतो, आणि तो सारा मांड्यांवर व गुडघ्यांवर येतो. घाटात जोराने धावलेल्यांचे पाय मुरबाडला पोहोचेपर्यंत लाकडासारखे होतात. टोकावड्याच्या सुमारास अंधार पडतो आणि येथून पुढे खरी रात्र सुरू होते.

रात्री धावणाऱ्यास रस्त्यावरील खड्डा दिसत नाही. मशालीचा उजेड त्याच्या डोळ्यांवर येतो, पायांखाली पडत नाही. त्याहून मोठा धोका वाहनांचा. शिवज्योत आणणाऱ्या तरुणांना वाहनांच्या धडकेने अपघात झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडलेल्या आहेत, आणि त्यांत काहींचे प्राणही गेले आहेत. म्हणून शहाणी पथके अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या बांधतात, रस्त्याची कडा सोडीत नाहीत, आणि मागील टेंपोचा चालक झोप झालेला माणूस आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहून घेतात. सोळा वर्षांखालील मुलांस मोठ्या रस्त्यावर मशाल द्यावयाची नाही, असा आपल्या पथकाचा नियम आहे. मुले रुसतात. नियम बदलत नाही.

पाळी बदलण्याचीही एक रीत असते. पुढचा गडी आधीच टेंपोतून उतरून उभा राहतो, ज्योत जवळ येताच दहा-वीस पावले तिच्याबरोबर धावतो, आणि मग मशालीचा दांडा खालच्या बाजूने पकडतो. त्याची पकड बसल्याचे हातास कळल्यावरच पहिल्याने आपला हात सोडावयाचा. मैदानावरील साखळी शर्यतीत हातात दांडू असतो. बर्फावरील साखळी शर्यतीत तोही नसतो. तेथे खेळाडूंच्या पायांस लांब, अरुंद फळ्या बांधलेल्या असतात. त्यांना स्की म्हणतात. दोन्ही हातांतील काठ्या बर्फात रोवून, फळ्या सरकवीत ते डोंगर-माळ ओलांडतात, आणि आपला टप्पा संपताच पुढच्या गड्यास केवळ हाताने स्पर्श करतात. स्पर्श झाला, की तो निघाला.

अशा हिमप्रदेशातही एकदा ज्योत हातोहाती गेली. १९५२ मध्ये नॉर्वे देशाची राजधानी ओस्लो येथे हिवाळी ऑलिंपिक खेळ भरले होते. त्यांची ज्योत ग्रीस देशातून आणली नव्हती. नॉर्वेतील मॉर्गेडाल नावाच्या खोऱ्यात १८२५ साली सोंद्रे नोरहाइम हा माणूस जन्मला. पिळलेल्या फांद्यांचा बंध टाचेभोवती घालून स्की पायाशी पक्की करण्याची युक्ती त्याने प्रसिद्धीस आणली. तोवर फळी पायाखालून निसटे. आता तिच्यावरून उडी मारता येऊ लागली, वळता येऊ लागले. त्याच्या जन्मघरातील चुलीत १३ फेब्रुवारी १९५२ रोजी ज्योत पेटविण्यात आली. पुढे ९४ स्कीपटूंनी ती सुमारे सव्वादोनशे किलोमीटर बर्फावरून नेली आणि १५ फेब्रुवारीस ओस्लोच्या क्रीडांगणात पोहोचविली. शेवटचा मशालधारी होता आयगिल नान्सेन. ध्रुवप्रदेशाचे थोर संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांचा हा नातू. ज्योत पेटविण्यास त्या लोकांनी राजवाडा निवडला नाही. एका गरीब शेतकऱ्याच्या घरची चूल निवडली. शिवनेरीची वाट चढून जाणाऱ्या भाईंदरच्या मुलांस यातील मर्म निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

कल्याण मागे पडते, मग ठाणे. रात्रीचे तीन वाजून गेलेले असतात. आता घोषणा थांबलेल्या असतात. कोणी कोणाशी बोलत नाही. टेंपोत काहीजण एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेले असतात. एखाद्याच्या पोटात कळ येते. तो अर्ध्या पाळीतच हात वर करतो. अशा वेळी त्यास कोणी हसत नाही. दुसरा मुकाट्याने उतरतो आणि मशाल घेतो. उलट, अंगात जोर आहे म्हणून पाळी संपली तरी मशाल न सोडणारा असला, तर त्यास मात्र चार शब्द ऐकावे लागतात. कारण तो पुढच्या पाळीस निकामी होतो आणि त्याचा भार दुसऱ्यावर पडतो.

आणि मग गायमुख येते. वळणावर खाडीचा वारा एकाएकी आडवा लागतो. ज्योत मागे झुकते, निळसर होते, आणि विझते. काळ्या चिंध्यांतून फक्त धूर निघत राहतो.

पथक थांबते. कोणी काही बोलत नाही. मग टेंपोतून एक कंदील खाली उतरतो. शिवनेरीवर मशाल पेटविली त्याच वेळी तिच्यावरून हा कंदीलही लावून घेतलेला असतो, आणि काचेआड तो सारी रात्र शांतपणे जळत आलेला असतो. ऑलिंपिकच्या ज्योतीबरोबरही मूळ अग्नी जपणारे असे बंदिस्त दिवे नेलेले असतात. कंदिलाची काच वर होते, चिंधीस नवे तेल मिळते, आणि मशाल पुन्हा पेट घेते.

ती तीच ज्योत की दुसरी? ग्रीकांच्या नियमाने पथक येथेच हरले असते. पथकातील एक धाकटा गडी तसे म्हणतोही. “अरे, आग शिवनेरीचीच ना?” दुसरा उत्तर देतो. वाद मिटत नाही, पण पाय चालू लागतात.

घोडबंदरचा किल्ला उजवीकडे अंधारात राहतो. पोर्तुगिजांनी तो खाडीच्या काठी बांधला होता. १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, तो मराठ्यांच्या हाती आला. काशीमिऱ्याच्या नाक्यावर चहाच्या टपऱ्या उघडलेल्या असतात. तेथील माणसे हातातला पेला खाली ठेवून उभी राहतात. येथून रस्ता आत, वस्तीकडे वळतो. वाहने थांबविलेली असतात, आणि आता मुलांची पाळी असते.

बारा वर्षांची एक मुलगी पहाटे पाचपासून दिव्याच्या खांबाखाली उभी आहे. तिला दोनशे पावले धावावयाचे आहे. तिने ती काल दोनदा मोजली आहेत. उजेड जवळ येतो. धापा टाकणारा एक दादा तिच्याबरोबर धावू लागतो, दांडा पुढे करतो, आणि तिची पकड बसेपर्यंत सोडीत नाही. मशाल तिला वाटली होती त्याहून जड निघते. तेलाचा एक कढत थेंब तिच्या मनगटावर पडतो. ती हात खाली आणीत नाही; थोडा पुढे धरते, आणि समोर पाहते. दोनशे पावलांवर तिचा वर्गमित्र हात पुढे करून उभा असतो.