‘परमिसिव्ह’वर ठेवलेला सर्व्हर

व्हेंडरच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये पहिल्या-दुसऱ्या पानावर एक ओळ हमखास असते: ‘एसईलिनक्स बंद करा.’ का, ते लिहिलेलं नसतं. शेंद्रा आणि चिकलठाणा एमआयडीसीतल्या लहान-मध्यम कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. बहुतेक ठिकाणी गाड्यांचे सुटे भाग बनतात. सर्व्हर म्हणजे क्वालिटी डिपार्टमेंटच्या कोपऱ्यात यूपीएसशेजारी ठेवलेला डबा. त्याला अँटिव्हायरस नसतो, बॅकअप कधी असतो कधी नसतो, पण ती ओळ मात्र इमानेइतबारे पाळलेली असते.

शेंद्र्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये पार्टच्या बारकोडची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर होतं. लाइनवरचे स्कॅनर बारकोड वाचायचे, माहिती अपाचीवरच्या वेब अ‍ॅप्लिकेशनकडे जायची आणि तिथून दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसला. रिमोट सपोर्टची सोय म्हणून हे अ‍ॅप्लिकेशन बाहेरच्या इंटरनेटवरूनही उघडत होतं. सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरचा फोन आला, “सर, लेबलं लय उशिरा निघायलीत, गाडी लोडिंगला उभी आहे.” जाऊन पाहिलं तर सगळे सीपीयू एकाच प्रोसेसने खाल्लेले. फाइल टेंप फोल्डरमध्ये, चालवणारा युजर अपाचीचा. कुणीतरी अ‍ॅप्लिकेशनच्या भोकातून आत येऊन क्रिप्टो मायनर बसवला होता.

अशी प्रकरणं आता नवलाची राहिली नाहीत. मला खटकलं ते ऑडिट लॉगमध्ये. तिथे कर्नलने स्वच्छ लिहून ठेवलं होतं: ‘डिनाइड’, म्हणजे नाकारलं. कोण? एचटीटीपीडी_टी, म्हणजे अपाची. काय करत होता? टेंपमध्ये स्वतःच टाकलेली फाइल चालवत होता. खाली दुसरी नोंद: अपाचीला बाहेरच्या एका पोर्टला जोडणी करायची आहे, तीही नाकारली. आणि दोन्ही ओळींच्या शेवटी ‘परमिसिव्ह=१’. म्हणजे नियमाने नाकारलं, पण अडवू नका असा आदेश असल्यामुळे जाऊ दिलं. सॉफ्टवेअर बसवून गेलेल्या इंजिनिअरने अख्खं मशीन परमिसिव्हवर ठेवलं होतं. नियम जागेवर होते, ते लागूही पडत होते, फक्त त्यांचं ऐकायचं नाही असं ठरलेलं.

त्याने तसं का केलं, तेही मागाहून उलगडलं. अपाचीने दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसला जोडायला एक बूलियन, म्हणजे नियमांमधला चालू-बंद खटका, चालू करावं लागतं, आणि फोटो अपलोड करायच्या फोल्डरला लिहिता येईल असं लेबल लागतं. बस, दोन-तीन कमांड. त्या वाचवण्यासाठी सगळं उघडं टाकलं.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या लिनक्स परवानग्यांमध्ये फाइलचा मालक ठरवतो कोणी काय करायचं, आणि रूटला कुणी विचारत नाही. एसईलिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला आणि प्रत्येक फाइलला लेबल असतं आणि कोणत्या लेबलने कशाला हात लावायचा ते नियमपुस्तकात लिहिलेलं असतं. पेंट शॉपचा पास घेऊन आलेल्या कंत्राटी माणसाला टूल रूमच्या दारावर अडवतात, मग तो मालकाच्या ओळखीचा का असेना, तसंच. एरवी रूट म्हणून चालणारी सर्व्हिसही इथे तिच्या नियमांबाहेर जाऊ शकत नाही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने एसईलिनक्स २००० साली खुलं केलं, २००३ मध्ये ते लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये आलं. आणि ‘हे फार किचकट, आपल्याला झेपायचं नाही’ म्हणणाऱ्यांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये ते ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, पूर्ण कडक चालू आहे. फोनवर कुणाची तक्रार नाही.

तेव्हा काही अडलं की आधी ऑडिट लॉग वाचा. दहातली नऊ दुखणी लेबल, बूलियन किंवा पोर्ट यांतलीच निघतात, नवा नियम लिहायची गरजच पडत नाही. लेबलाचा घोटाळा तर ठरलेला. झिप फाइल होम फोल्डरमध्ये उघडायची आणि ‘एमव्ही’ने वेबच्या फोल्डरमध्ये हलवायची, ही सवय. ‘एमव्ही’ फाइलचं जुनं लेबल बरोबर नेते. ‘सीपी’ने केलेल्या नव्या प्रतीला त्या फोल्डरचं लेबल मिळतं. अशा वेळी ‘रिस्टोअरकॉन’ चालवलं की मिटतं. डेटा वेगळ्याच जागी असेल तर आधी ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने नियम नोंदवा, मग रिस्टोअरकॉन. नुसतं ‘सीएचकॉन’ करून निघून जाऊ नका, पुढच्या रीलेबलला ते पुसलं जातं.

आता खरी मेख. त्या प्रेस शॉपमध्ये मशीन पुन्हा एन्फोर्सिंगवर, म्हणजे नियमाने खरंच अडवण्यावर, आणलं, मॅनेजर खूश. पण स्कॅनरकडून डेटा गोळा करणारी व्हेंडरची स्वतःची सर्व्हिस ‘पीएस’च्या झेड पर्यायाने पाहिली तर लेबल होतं ‘अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी’. ज्या सर्व्हिससाठी पॉलिसीच, म्हणजे नियमपुस्तकात काहीच, नाही तिला एन्फोर्सिंग चालू असूनही जवळपास काहीच अडवत नाही. अपाची बांधलेला, आणि रूट म्हणून चालणारी शेजारची सर्व्हिस मोकाट.

तिच्यासाठी पॉलिसी लिहावी लागते. ‘सेपॉलिसी जनरेट’ला प्रोग्रामचा पत्ता दिला की तो सांगाडा तयार करून देतो: नियमांची टीई फाइल, लेबलांची एफसी फाइल, आणखी दोन-तीन. त्यात एक चांगली गोष्ट असते: सुरुवातीला फक्त ती एक सर्व्हिस परमिसिव्ह राहते, बाकी मशीन कडकच. सर्व्हिसला तसंच काम करू द्या. घाई नको. शिफ्ट बदल, लॉग रोटेशन, रात्रीचा बॅकअप, लेबल प्रिंटरचा कागद संपणं, महिनाअखेरचा रिपोर्ट, हे सगळं एकदा होऊन गेलं पाहिजे.

मग लोक ‘ऑडिट२अलाऊ’ चालवतात आणि तो देईल ते डोळे झाकून बसवतात. इथेच घात होतो. हा प्रोग्राम सर्व्हिसने काय केलं ते सांगतो, तिने काय करायला हवं ते नाही. आमच्याकडे त्याने सुचवलं: डिफॉल्ट_टी लेबलच्या फाइली वाचू-लिहू द्या. कारण इतकंच की डेटाचा फोल्डर थेट रूट डिरेक्टरीखाली नव्याने काढलेला, त्याला कुणी लेबल दिलेलंच नव्हतं. ती ओळ मान्य केली असती तर मशीनवरच्या प्रत्येक बेवारशी फोल्डरमध्ये लिहायची मुभा मिळाली असती. त्याऐवजी फोल्डरला स्वतःचं लेबल दिलं आणि तेवढ्यालाच परवानगी.

दुसरी ओळ होती ‘डॅक_ओव्हरराइड’ची. ती दिसली की समजायचं, सर्व्हिस रूटपणाच्या जोरावर साध्या परवानग्या डावलून फाइल उघडते आहे. फाइलची मालकी दुरुस्त केली, ओळ नाहीशी झाली. लॉगमध्ये काहीच नाही आणि तरी एन्फोर्सिंगला सर्व्हिस अडते, असं झालं तर ‘सेमॉड्यूल -डीबी’ने दडवलेल्या नोंदी उघड्या करा, काम झालं की ‘-बी’ने पुन्हा बंद.

एन्फोर्सिंगचा खटका सुट्टीच्या दिवशी ओढायचा मोह होतो. माझं मत उलट आहे. फर्स्ट शिफ्टला, लाइन चालू असताना, सुपरवायझरला सांगून आणि व्हेंडरला फोनवर धरून ओढा. रविवारी स्कॅनर बंद, मग अडणार काय आणि कळणार काय? आणि टीई फाइलमधली ‘परमिसिव्ह’ची ओळ आठवणीने काढा. ती तशीच राहून गेलेली मी पाहिली आहे.

व्हेंडरशी भांडून उपयोग नाही, पर्चेस ऑर्डरमध्ये मागा: सर्व्हिस कोणते पोर्ट वापरते, कुठे लिहिते, कोणत्या युजरने चालते. “साहेब, बंद केलं की चालतंय ना?” हे उत्तर पैसे देऊन झाल्यावरच मिळतं, आधी सगळे कागद देतात.

लॉगचं राहिलंच. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. ऑडिट लॉगची मूळ सेटिंग ८ एमबीच्या ५ फाइलींची. त्यात क्रॉन, लॉगिन सगळ्यांच्याच नोंदी पडतात आणि जुनी फाइल गुपचूप जाते. चोर पहिल्यांदा आत आला त्या दिवसाची नोंद आम्हाला शेवटपर्यंत मिळाली नाही. आकडे आजच वाढवा आणि प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवत राहा.