न उचललेले कर्ज

घरात चोर शिरला तर कुत्रे भुंकते. भांडे पडते. शेजारी धावून येतात. बँकेतल्या खात्यात चोर शिरला तर कसलाच आवाज होत नाही. मोबाईलवर दोन ओळींचा निरोप येतो, एवढेच. तो निरोप ज्याने वाचला नाही, त्याला चोरी कळते ती महिन्या-दोन महिन्यांनी. तोवर चोर दूर गेलेला असतो.

आपण आता वाचायला शिकलो आहोत. हे वाचणे पैसा राखायच्या कामी कसे येते, ते या धड्यात पाहू.

कार्डावरचे पैसे म्हणजे कर्ज

आपल्या कळंब तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते. बी-बियाणे आणि खत लागते ते मिरगाच्या तोंडावर. कापसाचा पैसा हाती येतो तो दिवाळीनंतर. मधल्या दिवसांसाठी बँक पीककर्ज देते. १९९८ साली सरकारने यासाठी किसान क्रेडिट कार्डाची योजना सुरू केली. २०१२ साली योजनेत सुधारणा झाली. पुढे या खात्यावर एटीएममध्ये चालणारे रुपे कार्ड मिळू लागले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बचत खात्यात चोरी झाली तर आपली शिल्लक जाते. किसान कार्डावर चोरी झाली तर आपल्या नावावर कर्ज चढते. पैसा चोराने नेला आणि व्याज आपल्या माथी बसले, असे होते. पुढच्या हंगामात नवे कर्ज मागायला गेलो की बँक म्हणते, "तुमचे आधीचे थकले आहे." आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कर्जाचे ओझे काय असते, हे कोणाला सांगायला नको. उचललेले कर्ज फेडताना नाकी नऊ येतात. मग न उचललेले कोणी फेडावे?

चोर कोणत्या वाटेने येतो?

पहिली वाट एटीएमची. आपण मशीनपुढे अडखळतो. मागचा माणूस म्हणतो, "काका, द्या इकडे, मी काढून देतो." तो आपला गुप्त अंक पाहून ठेवतो आणि कार्डाची अदलाबदल करतो.

दुसरी वाट फोनची. "बँकेतून बोलतो. तुमचं कार्ड बंद पडणार आहे. आलेला ओटीपी सांगा." खरी बँक ओटीपी कधीच विचारत नाही. विचारणारा चोर समजावा.

तिसरी वाट खोट्या ॲपची. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळच्या सभेतून पीएम किसान योजनेचा सोळावा हप्ता सोडण्यात आला. असा हप्ता सरळ खात्यात जमा होतो. त्यासाठी व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडावी लागत नाही. अशी फाइल उघडली की आपल्या मोबाईलमधले निरोप चोराला दिसू लागतात.

चौथी वाट अंगठ्याची. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उठायचा आणि कागदात काय लिहिले ते कळायचे नाही. आपण अक्षरे शिकलो ती त्यातून सुटण्यासाठी. आज पैसे काढायच्या मशीनवर तोच अंगठा पुन्हा ठेवावा लागतो. ठेवा, पण एकदाच. "अंगठा लागला नाही, परत लावा," असे म्हटले तर आधी मोबाईलवरचा निरोप पाहा. पावती मागा आणि तिच्यावरचा आकडा तिथेच वाचा. आधारचा अंगठा कुलूपबंदही ठेवता येतो. त्याची चौकशी आधार केंद्रात किंवा १९४७ या क्रमांकावर करावी.

चोरी कळली की काय करावे?

एक. लगेच बँकेला फोन करून कार्ड बंद करायला सांगा. क्रमांक कार्डाच्या पाठीवर असतो. कार्डच गेले असेल म्हणून तो आजच पासबुकात लिहून ठेवा. इंटरनेटवर शोधलेल्या क्रमांकावर विसंबू नका. तिथेही चोर बसलेले असतात.

दोन. १९३० या क्रमांकावर फोन करा. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवतो. तो काढून घेण्याआधी खबर पोचली तर वाटेत अडवता येतो. इथे घटकेला किंमत आहे. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो लिहून घ्या. मग पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्या.

तीन. बँकेच्या शाखेत जाऊन अर्ज द्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. कागद राहतो. अर्ज असा लिहावा:

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
........ बँक, शाखा कळंब, जि. यवतमाळ
दिनांक : ........
विषय : माझ्या परवानगीशिवाय निघालेल्या रकमेबाबत

महोदय,
माझ्या खात्यातून दिनांक ........ रोजी रुपये ........ निघाल्याचा निरोप मला दिनांक ........ रोजी मिळाला. ही रक्कम मी काढलेली नाही आणि कोणाला काढायला सांगितलेली नाही. खाते क्रमांक ........ आहे. मी कार्ड बंद करायला दिनांक ........ रोजी कळवले आहे. १९३० वरील तक्रार क्रमांक ........ आहे. रक्कम परत जमा करावी व तिच्यावर व्याज लावू नये, ही विनंती. या अर्जाची पोच द्यावी.
आपला / आपली,
(सही व मोबाईल क्रमांक)

अर्जात गुप्त अंक कधीही लिहू नये. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक बँकेला द्यावी. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. हीच पोच. पोच घेतल्याशिवाय शाखेची पायरी उतरू नये.

नियम काय सांगतो?

६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने या बाबतीत परिपत्रक काढले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघाले. त्यात ठरवून दिले ते असे :

चूक बँकेची असेल तर खातेदाराचे काहीच जाऊ नये.

चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, तिसऱ्यानेच चोरी केली, आणि निरोप आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण कळवले, तरी आपले काहीच जाऊ नये. निरोप आला तो दिवस आणि सुट्टीचे दिवस यात धरत नाहीत. समजा, निरोप शुक्रवारी आला. दुसरा शनिवार आणि रविवार बँक बंद. मग सोमवार, मंगळवार आणि बुधवार हे आपले तीन दिवस.

चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर थोडा भार आपल्यावर येतो. जनधनसारख्या मूलभूत खात्याला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त ५,००० रुपये आणि साध्या बचत खात्याला १०,००० रुपये. सात दिवस उलटले तर बँकेच्या धोरणाप्रमाणे ठरते.

ओटीपी किंवा गुप्त अंक आपणच सांगितला असेल तर कळवण्याआधी गेलेली रक्कम आपल्या अंगावर पडते. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून चूक आपली असली तरी धावत जा. कळवायला जितका उशीर, तितका आपला तोटा.

कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत निकाल लावावा, असेही परिपत्रकात होते. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून शाखेत जाल तेव्हा आजचा नियम विचारून घ्या.

कधी खिडकीवर असे बोलणे होते :

"साहेब, माह्या खात्यातून वीस हजार कोणं काढले?"

"तुमच्याच कार्डानं निघाले. आम्ही काय करणार?"

अशा वेळी हिरमुसून परतू नये. शांतपणे म्हणावे, "तसं लेखी द्या." चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या परिपत्रकाने बँकेवरच टाकली होती. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

लाज धरू नका

पुष्कळ माणसे फसली की घरातही सांगत नाहीत. बायकोला कळेल, गावात हसू होईल, म्हणून गप्प राहतात. त्या गप्प राहण्यातच तीन दिवस निघून जातात आणि चोराचे फावते. शिकलेले, नोकरीतले लोकही फसतात. फसणे हा गुन्हा नाही. फसवणे हा गुन्हा आहे. कोणी शेजारी असा गप्प बसलेला दिसला तर त्याच्याजवळ बसा आणि त्याचा अर्ज लिहून द्या. आपल्याला अक्षर येते, ते त्याच्याही कामी पडू द्या.

सराव

१. आपल्या मोबाईलवर बँकेचा शेवटचा निरोप कोणता आला? तो मोठ्याने वाचा.
२. १९३० आणि आपल्या बँकेचा क्रमांक पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहा.
३. निरोप सोमवारी आला आणि गुरुवारी बँकेला सुट्टी आहे. तर तिसरा दिवस कोणता?
४. वरचा अर्ज वहीत एकदा पूर्ण लिहून काढा.