दांडीत गीर बांधली, तर लिटर कितीला पडेल?

बोईसरच्या वसाहतींत गीरचं दूध म्हटलं की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त द्यायला तयार असतं. त्या भावावर डोळा ठेवून दांडी, उच्छेळी, नवापूरकडे कुणी घरामागे एखादी गीर बांधायच्या विचारात असेल, तर विसार देण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

गीर हे नाव सौराष्ट्रातल्या गीरच्या डोंगर-जंगलावरून पडलं. काठियावाडी, सोरठी, देसण ही तिचीच दुसरी नावं. फुगीर कपाळ, पानासारखे दुमडलेले लांब कान आणि मागे वळलेली शिंगं यावरून ती ओळखू येते. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला डांगी आहे. तिचं नाव डांगच्या डोंगराळ मुलखावरून आलेलं. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, खूर काळे आणि टणक असतात, त्यामुळे मुसळधार पावसातही ती चरत राहते. पण एका वेताला दूध सरासरी चार-पाचशे लिटर. गीर चांगल्या सांभाळात दोन हजारांच्या आसपास जाते, मात्र आपला पाऊस तिच्या मुलखातला नव्हे. तिला उंच, कोरडा, निचऱ्याचा गोठा लागतो. त्यात काटकसर केली तर पावसाळाभर खुरांचे आजार आणि गोचिडांवर पैसे जातील.

आता रोजचा खर्च. अंगपोषणासाठी दीड किलो खुराक आणि पुढे दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, हे जुनं आणि उपयोगी माप. खुराक 32 रुपये किलो धरू. भाताचा पेंढा आणि सुकं गवत मिळून 6 किलो, दर 8 रुपये. हिरवा चारा 15 किलो, दर 4 रुपये. खनिज मिश्रण 8 रुपयांचं. हे दर हिशेबापुरते आहेत, त्या जागी आपल्या दुकानदाराचे घालावेत. खनिज मिश्रण मात्र वगळू नका, कारण पेंढ्यात कॅल्शियम मुळातच कमी असतं.

सरासरी 7 लिटर देणारी गाय या मापाने रोज 254 रुपयांचं खाते. तीनशे दिवसांचे झाले 76,200. पुढचे दीडशे दिवस ती भाकड, पण खायला लागतंच: रोज 164, म्हणजे 24,600. एकूण 1,00,800 रुपये. दूध 2,100 लिटर, त्यातलं 180 लिटर वासराचं. उरलेल्या 1,920 लिटरवर नुसता चारा-खुराक लिटरला साडेबावन्न रुपये पडला. यात गायीची किंमत, गोठा, डॉक्टर, वीज आणि घरच्यांची मजुरी धरलेली नाही. भाकड दिवस न धरता काढलेला नफा कुणी सांगितला, तर तो विकणारा आहे असं समजा.

आता हीच गाय सरासरी चारच लिटर देणारी निघाली तर? खाण्याचा खर्च 89,100 रुपये आणि विकायला 1,020 लिटर. लिटर 87 रुपयांना पडतो. कपाळ तेच, कान तेच, फरक फक्त कासेत.

म्हणून कपाळ बघून पैसे मोजू नका, धार बघून मोजा. आदल्या संध्याकाळी कास समोर पूर्ण रिकामी करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा स्वतः मोजा. एक वेळ दूध काढलंच नसेल तर दुसऱ्या वेळी भांडं भरून दिसतंच. चारही सडांतून धार सारखी येते का, दुधात गाठी आहेत का, कासेत कुठे कडकपणा लागतो का, हे हाताने तपासा. वासराशिवाय पान्हा सोडते का, हेही विचारा. गीरला बहुधा वासरू जवळ लागतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची गाय घेणं बरं. पहिल्या वेताच्या गायीचा अंदाज येत नाही आणि पाचव्या-सहाव्या वेताची गाय विकणाऱ्याच्या तोंडी कायम तिसऱ्याच वेताची असते.

गाभण म्हणून जास्त पैसे मागितले तर पशुवैद्याकडून तपासून घ्या. ब्रुसेलाची रक्ततपासणी टाळू नका. या आजाराने गाय गाभडते आणि तो माणसालाही होतो. कानातला बारा अंकी बिल्ला बघा, पावतीवर तो क्रमांक लिहून घ्या. गुजरातेतून आणणार असाल तर पशुवैद्यकीय प्रमाणपत्र आणि वाहतुकीचे कागद गाडीत असू द्या. लाळ-खुरकुताची सरकारी लस मोफत मिळते, तिची तारीख चुकवू नका.

शेवटचा खर्च कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात गाय-बैल कत्तलीला देता येत नाहीत. म्हातारी गाय आणि झालेला गोऱ्हा दोन्ही दावणीलाच राहणार, त्यांचा पेंढा याच दुधातून निघायला हवा.

गिऱ्हाईक 80 रुपये लिटर द्यायला बांधलेलं असेल, हिरवा चारा घरचा असेल आणि सरासरी 7 लिटरची गाय समोर धार काढून मिळत असेल, तर जरूर घ्या. यातली एक जरी गोष्ट नसेल तर यंदा थांबा.