शल्यविद्येच्या शिक्षणातील सूक्ष्म अवमान

अवमान नेहमी उघड शब्दांतच होतो असे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० साली एका निराळ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. गोऱ्या समाजाकडून कृष्णवर्णीयांना दैनंदिन व्यवहारात जी लहानसहान, पुष्कळदा अजाणता घडणारी तुच्छतेची वागणूक मिळे, तिला त्यांनी ‘सूक्ष्म आक्रमण’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे ही संकल्पना स्त्रियांच्या अनुभवांनाही लावण्यात आली. शल्यविद्येच्या शिक्षणात तिचे स्वरूप विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर सामान्य शल्यविद्येचे प्रशिक्षण किमान पाच वर्षे चालते. या काळात निवासी स्त्री-डॉक्टरला येणारे अनुभव वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. तिने तपासणी करून सर्व काही समजावून सांगितल्यावरही रुग्ण तिला परिचारिका समजतो व डॉक्टर केव्हा येणार, असे विचारतो. पुरुष सहकाऱ्याला ‘डॉक्टर’ म्हणून संबोधणारेच तिला नुसत्या नावाने हाक मारतात. हा व्यवसाय संसाराशी कसा जुळणार, हा प्रश्न तिलाच विचारला जातो. मोठ्या हातांच्या मापाने घडविलेली उपकरणे चालविताना तिला अडचण आली, तर दोष उपकरणाचा न मानता तिच्या कौशल्याचा मानला जातो.

यांपैकी कोणत्याही एका गोष्टीची तक्रार करणे अवघड असते, कारण प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर फार लहान असते. शिवाय ज्या ज्येष्ठ शल्यविशारदाविरुद्ध तक्रार करावयाची, तोच तिच्या कामाचे मूल्यमापन करतो आणि शस्त्रक्रियेचा कोणता भाग कोणाच्या हाती सोपवावयाचा हेही ठरवितो. शल्यविद्या ही हाताने शिकण्याची विद्या आहे. विश्वास थोडा कमी, म्हणून संधी थोडी कमी. संधी कमी, म्हणून सराव कमी. आणि सराव कमी पडला की मूळचा अविश्वासच खरा भासू लागतो.

या वागणुकीचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून दिसून आले. अमेरिकेतील सर्व २६२ सामान्य शल्यविद्या प्रशिक्षणक्रमांतील ७,४०९ निवासी डॉक्टरांनी तीत उत्तरे दिली. लिंगावरून भेदभाव झाल्याचे दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ६५ जणींनी नोंदविले. असा भेदभाव करणाऱ्यांत रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांचा उल्लेख सर्वाधिक होता. लैंगिक छळ व शिवीगाळ यांच्या बाबतीत मात्र ज्येष्ठ शल्यविशारदांचा उल्लेख सर्वांत अधिक आढळला. कामाने आलेल्या मानसिक थकव्याची लक्षणे ४२.४ टक्के स्त्रियांत, तर ३५.९ टक्के पुरुषांत दिसली. परंतु भेदभाव, शिवीगाळ व छळ यांचा परिणाम हिशेबात घेताच स्त्री-पुरुषांतील ही तफावत नाहीशी झाली. स्त्रिया या कामास स्वभावतःच कमी टिकतात, हा जुना समज या निष्कर्षापुढे टिकत नाही. थकव्यातील फरकाचे मूळ स्त्रीच्या प्रकृतीत नसून तिला मिळणाऱ्या वागणुकीत आहे.

म्हणून केवळ स्त्रियांना धीर धरावयास शिकवून भागणार नाही. रुग्णासमोर प्रत्येक निवासी डॉक्टरची ओळख सारख्याच उपाधीने करून द्यावी. कोणाला किती शस्त्रक्रिया करू दिल्या याची नोंद ठेवून ती वेळोवेळी तपासावी. लहान हातांना योग्य अशी उपकरणे उपलब्ध करावीत. आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती मूल्यमापन करणाऱ्याहून वेगळी असावी. तसेच अवमान घडताना जो ज्येष्ठ तेथे हजर असेल, त्यानेच प्रथम बोलावे. त्याच्या शब्दाची किंमत त्याला मोजावी लागत नाही; तिला मात्र ती मोजावी लागते.