गेटवेहून बंदराची फेरी

प्रश्न : मुलांना आणि सत्तरीच्या आईला मुंबई बंदर लाँचमधून दाखवायचं आहे. आईला बोट लागेल का?
– एक वाचक, वरंध (ता. महाड)

उत्तर : गेटवे ऑफ इंडियावरून सुटणारी ही फेरी साधारण अर्ध्या तासाची असते. हिवाळ्यात, सकाळीच जा. दुपारी खारे वारे सुटले की लाँच डोलू लागते. आईंना खालच्या मजल्यावर मधोमध बसवा, नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. पाण्यावरून ताज आणि गेटवे एकत्र पाहण्यात खरी मजा आहे. नौदलाच्या जहाजांचे फोटो मात्र काढू नका. १८ डिसेंबर २०२४ ची, गेटवेहून निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीची दुर्घटना ध्यानात ठेवा : लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्याशिवाय कुणीही जागेवर बसायचं नाही. मुलांसाठी त्यांच्या मापाचं जॅकेट मागून घ्या.