‘स्कीम’ : नाम आणि क्रियापद यांतील अर्थभेद

‘बचतीची नवी स्कीम आली आहे’ असे आपण सहज म्हणतो. येथे ‘स्कीम’ म्हणजे योजना. इंग्रजीत मात्र हाच शब्द क्रियापद म्हणून आला, की त्याचा अर्थ प्रामुख्याने ‘कारस्थान रचणे’ असा होतो. हा भेद कसा निर्माण झाला, ते या घटकात पाहू.

१. व्युत्पत्ती

मूळ ग्रीक शब्द ‘स्खेमा’ म्हणजे रूप, आकृती. तो ‘धारण करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनला आहे. संस्कृतातील ‘सह्’ हा धातूही त्याच इंडो-युरोपीय मूळाचा मानला जातो. म्हणजे आपला ‘सहन’ हा ‘स्कीम’चा दूरचा आप्त ठरतो. लॅटिनमार्गे १६ व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तो प्रथम भाषेतील अलंकार या अर्थाने. पुढे आकृती, आराखडा आणि त्यावरून योजना असा अर्थविस्तार झाला. स्वार्थी डावाची छटा व क्रियापद ही दोन्ही १८ व्या शतकातील.

२. अर्थापकर्ष

तटस्थ शब्दाला हीन अर्थ प्राप्त होणे म्हणजे अर्थापकर्ष. योजना चारचौघांत मांडली की ती ‘योजना’ राहते. आडून केली की संशय येतो. मराठीतील ‘खलबत’ पाहा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ केवळ ‘एकांत’. एकांतातील मसलत म्हणून तो मराठीत स्थिरावला. आज ‘त्यांची खलबते चालली आहेत’ या वाक्यात कटाचा वास येतो.

इंग्रजी क्रियापदात हा अपकर्ष दृढ झाला. ब्रिटिश व भारतीय इंग्रजीतील नाम मात्र शासकीय, आर्थिक व्यवहारांत तटस्थ राहिले. अमेरिकी इंग्रजीत नामालाही बहुधा संशयाची छटा असते.

३. अनुवादातील महत्त्व

वारसाहक्काच्या वादात एखाद्याने जमिनीसाठी ‘स्कीम’ केल्याचे इंग्रजीत लिहिले असेल आणि आपण ‘योजना आखली’ असे भाषांतर केले, तर मूळ आरोपच नाहीसा होतो. उलट निवृत्तिवेतनाच्या ‘स्कीम’ला कारस्थान म्हणणे हास्यास्पद ठरेल. म्हणून शब्दाचा अर्थ ठरविताना त्याची व्याकरणिक जात, प्रदेश आणि वक्त्याची वृत्ती या तिन्हींचा विचार करावा.

स्वयं-अध्ययनासाठी

‘बेत’, ‘युक्ती’, ‘मसलत’, ‘डाव’ हे शब्द प्रत्येकी एका वाक्यात योजा. त्यांपैकी कोणते तटस्थ व कोणते हीनार्थी वाटतात, ते सकारण लिहा.