कॅमेरा व माइक जोडतांना तारांचें धन-ऋण कसें ओळखावें

हल्लीं पंपघर, गोदाम, गोठा व फळबाग यांवर नजर ठेवण्याकरितां कॅमेरे बसविण्याची वहिवाट खेडोपाडींही पडली आहे. मोटारीची केबल किंवा कोठारांतील माल चोरीस गेल्यानें होणारें नुकसान ज्यानें सोसलें आहे, त्यास या साधनाची उपयुक्तता निराळी सांगावयास नको. परंतु ज्या रात्रीं चोर येतो त्याच रात्रीं कॅमेरा बंद असेल, तर त्यावरील सारा खर्च व्यर्थ गेला. अशा बिघाडाच्या मुळाशीं पुष्कळदां तारांची उलट जोडणी किंवा कुजलेला सांधा असतो. म्हणून धन व ऋण तार ओळखण्याच्या रीती आम्ही येथें क्रमानें देत आहों.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. घरांतील २३० व्होल्टचा प्रवाह उलटसुलट वाहतो. त्याचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात, म्हणून त्यास कायमचें धन किंवा ऋण टोंक नसतें. कॅमेरा व माइक यांस बहुधा १२ व्होल्टचा, एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह लागतो. तो अडॅप्टरमधून किंवा बॅटरीमधून मिळतो. पुढील सर्व परीक्षा या १२ व्होल्टच्या बाजूपुरत्याच आहेत. २३० व्होल्टच्या तारेवर त्यांपैकीं एकही करूं नये. तसें करणें म्हणजे प्राणाशीं खेळणें होय.

तांबडी तार धन व काळी तार ऋण, अशी रूढी आहे. कित्येक अडॅप्टरांच्या दोन्ही तारा काळ्या असून एकीवर पांढरी रेघ असते. ती रेघेची तार बहुधा धन असते. परंतु ‘बहुधा’ या शब्दावर विसंबून यंत्र जोडूं नये. दुरुस्ती करणारानें मध्येंच हातीं लागेल त्या रंगाची तार जोडली असल्यास रंग फसवितो. रंग ही सूचना आहे, पुरावा नव्हे. अडॅप्टरवर एक लहान आकृति छापलेली असते. तींत मधल्या ठिपक्याकडे + चिन्ह असेल, तर पिनेचा आंतला भाग धन व बाहेरचा ऋण समजावा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरील चिन्हें पुसलीं असल्यास दोन गोल खुंट्यांपैकीं जाड खुंटी धन असते.

निश्चित पुरावा मल्टिमीटर देतो. त्याची कळ एकदिश प्रवाहाच्या २० व्होल्टच्या खुणेवर आणावी, तांबडी सळई एका तारेस व काळी दुसरीस लावावी. आंकडा नुसता १२ च्या आसपास आला, तर तांबड्या सळईची तार धन होय. आंकड्यामागें उणें चिन्ह उमटलें, तर तीच तार ऋण होय.

मीटर जवळ नसेल, तर बटाटा तें काम करतो. बटाटा कापून त्याच्या ओल्या अंगांत तांब्याच्या दोन्ही उघड्या तारा इंचभर अंतरानें खोंचाव्या. त्या एकमेकींस लागूं देऊं नयेत. प्रवाह बॅटरीचा असल्यास मध्यें फ्यूज अवश्य घालावा. कांहीं मिनिटांत एका तारेभोंवतीं हिरवट डाग पडतो. ती धन तार. दुसरीभोंवतीं बारीक फेंस येतो. ती ऋण तार. याचें कारण असें कीं, धन टोंकाचें तांबें झिजून बटाट्याच्या रसांत उतरतें, व ऋण टोंकाशीं पाण्यांतील हायड्रोजन वायु सुटतो. परीक्षेचा बटाटा माणसांस किंवा गुरांस खाऊं घालूं नये.

कॅमेऱ्याच्या चित्र वाहणाऱ्या केबलींत मधली तार चित्राची व भोंवतालची जाळी ऋण असते. माइकास सामान्यतः तीन तारा असतात: तांबडी धन, काळी ऋण, आणि पिवळी किंवा पांढरी आवाजाची. ऋण तार वीज व आवाज या दोहोंस समाईक असते. येथें चूक झाल्यास केवळ माइकच नव्हे, तर १२ व्होल्टचा दाब आवाजाच्या वाटेनें शिरून ध्वनिमुद्रण करणारें यंत्रही बिघडूं शकतें. सुट्या माइकाच्या बटणास दोनच टोंकें असतात. त्यांपैकीं जें त्याच्या धातूच्या कवचास जोडलेलें दिसेल तें ऋण. माइक बसविल्याचें कामकऱ्यांस आधीं सांगावें, हेंच न्यायाचें होय.

अंतराचाही विचार करावा. तांब्याची अर्धा चौरस मिलिमीटरची जोडतार ५० मीटर नेली, तर जाऊन-येऊन १०० मीटरांचा विरोध सुमारें ३.४ ओहम होतो. अर्धा अँपिअर प्रवाहास त्यांत १.७ व्होल्ट खर्च होऊन कॅमेऱ्यास १०.३ व्होल्टच उरतात, व कित्येक कॅमेरे रात्रीचे दिवे लागतांच बंद पडतात. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास तीच घट ०.६ व्होल्टवर येते.

आतां सांध्याविषयीं. वर्सोव्यास केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था (स्थापना १९६१) असल्यामुळें मत्स्यशेतीच्या निमित्तानें तो किनारा आमच्या कांहीं वाचकांच्या परिचयाचा असेल. तेथें समुद्रावरील वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येऊन उघड्या सांध्यावर बसतात व हवेंतील ओल शोषून घेतात. मग बटाट्यांत कांहीं मिनिटांत जें घडतें, तेंच सांध्यांत हळूहळू घडतें: धन तारेचें तांबें झिजतें, तीवर हिरवा कळक चढतो व शेवटीं ती तुटते. कोंकणांतील बागाईतदारांस हाच धोका आहे. गोठ्यांतील मूत्रापासून सुटणारा अमोनिया व खतांच्या गोदामांतील दमट हवा याही तांब्यास खातात.

यास्तव सांधा नुसता पिळून चिकटपट्टी गुंडाळूं नये. तो डाख देऊन जोडावा, आकसणारी नळी चढवावी व बंद पेटींत ठेवावा. तार पेटींत खालून घ्यावी व तत्पूर्वीं तीस झोळ द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी झोळाच्या तळाशींच निथळेल. जोडणीपूर्वीं प्रवाह बंद करावा, तारा तपासून प्रत्येकीवर धन-ऋणाची चिठ्ठी बांधावी, आणि पावसाळ्याच्या आरंभीं व अखेरीस सर्व सांधे उघडून पाहावे. कळक दिसल्यास तेवढा भाग कापून नवा सांधा करावा.